या वाटीतून त्या वाटीत

मिसळणाच्या डब्याचं झाकण चेपलं,
मुंग्या शिरू लागल्या,
तेव्हा हळद-मोहरी गेली प्लास्टिकच्या बरण्यांत
आणि डब्यात आला महिना.
मुंग्या नोटा खात नाहीत.

सात वाट्या.
लाइटबिल, सिलिंडर, तिसरीत औषध,
चौथीत नयनच्या शिकवणीची फी,
पाचवीत बचतगटाचे दोनशे, तिला हात लावायचा नाही,
सहावीत आहेर.
मधली बिननावाची.
उरलं तर टाकायचं म्हणून ठेवली.
सध्या तिच्यात एक बटण आहे
आणि सायकलचा एक छर्रा.

नोटांना अजून हळदीचा वास येतो.
कापगते किराणावाला नोट नाकाशी नेऊन विचारतो,
वहिनी, हे गल्ल्यात टाकू का भाजीत?

मानधन शाळेकडून येतं.
येतं म्हणजे यायचं असतं.
एकशे बारा पोरांची खिचडी मी मापानं शिजवते,
तिथला दाणा इकडचा तिकडे होत नाही.
जूनचे पैसे पोळा होऊन गेल्यावर येतात,
तोवर घरी रोज इकडचं तिकडे.

खुशाल राइस मिलवर पोती तोलतो,
येताना कोंडा आणतो शेगडीला.
घरचे असलो की कोंडा,
पाहुणा आला की गॅस.
पाहुण्याला निळा जाळ दिसतो,
आम्हाला धूर.

तरी सिलिंडर वेळेआधी संपतं
आणि हात आहेराच्या वाटीत जातो.
जातो, पण चिठ्ठी ठेवून येतो,
कॅलेंडरच्या फाडलेल्या कोपऱ्यावर:
सिलिंडरकडून येणे दोनशे तीस.
मग औषध लाइटबिलाचं देणं लागतं,
लाइटबिल शिकवणीचं,
शिकवणी फिरून औषधाचं.
ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर,
आणि डोकं एकच, माझं.

एकदा लाइन गेली होती.
मेणबत्तीपाशी बसून मी सगळ्या चिठ्ठ्या
एकमेकींतून वजा केल्या.
अकरा रुपये निघाले
जे कुणीच कुणाला द्यायचे नव्हते.
खुशाल म्हणाला, चहापत्ती आन.
आणली.

माघात भागरताच्या पोरीचं लग्न.
आहेराच्या वाटीत नुसत्या चिठ्ठ्या.
पेटीतून मोरपंखी ब्लाउजपीस काढला,
येनूबाईनं ओटीत घातलेला.
आलेल्या पिसावर घडीच्या आत मी अक्षर टाकते देणारीचं,
ज्याचं त्याच्याच घरी परत जाऊ नये.
'ये' होतं. येनूबाई चुलबंदीच्या पलीकडची.
दिला बिनधास्त.

त्याला झाली तीन वर्षं.
काल सगुणाच्या घरी ओटी भरली माझी.
घरी येऊन घडी उलगडली,
मोरपंखी.
कोपऱ्यात माझं 'ये', निळ्या पेनचं.
त्याच्या खाली लाल दोऱ्याचा एक टाका.
त्याच्या बाजूला पेन्सिलची फुली.
आणि एक काजळाचं बोट,
ते कुणाचं, अजून कळलं नाही.

मी एकटीच हसले, मोठ्यानं,
नयन पुस्तकातून मान काढून बघायला लागला.
म्हणजे मीच नाही.
टाकावाली रात्री दिवा मोठा करून बसली असेल,
फुलीवालीनं बोटं मोजली असतील,
आणि सकाळी बोअरिंगवर आम्ही एकमेकींना
भाजी काय केली एवढंच विचारलं.

आता हा पीस द्यावा कुणाला?
जिच्या घरून गेलेला नाही अशी बघत गेले.
जिथं तिथं टाका, फुली, काजळ.
पाण्यानं थोडा विटलाय घडीवर,
उन्हात धरला तर अजून मोर दिसतो.

शिलाई दीडशे, अस्तराचे वेगळे.
बटण आणि छर्रा बाहेर काढून
मधल्या वाटीत दहा रुपये टाकले.
चिठ्ठी नाही ठेवली.
वाटीला नावही नाही घातलं अजून,
खुशालनं विचारलं तर सांगीन
काहीतरी.